डब्याचा आकार आणि अर्जाची तारीख

आमच्या मिसळणाच्या डब्याच्या डिझाइनची नोंदणी गेल्या वर्षी रद्द झाली. ती रद्द करून घेण्यासाठी समोरच्या पक्षाने जो मुख्य पुरावा दिला, तो आम्हीच काढलेला आणि आम्हीच सगळ्यांना पाठवलेला एक फोटो होता. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, मनाला लागलेली बोच कमी झाली, म्हणून ती क्रमाने लिहून काढावी असे वाटले. भांडी, दिवे, दागिने, खेळणी, फर्निचर, पिशव्या असे काही ना काही स्वतःच्या कल्पनेने घडवून विकणारी जी माणसे माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांना डिझाइनची नोंदणी करता येते एवढे माहीत असते. ती कोणत्या दिवसापर्यंत करता येते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. मलाही ते माहीत नव्हते.

वसई पूर्वेला आमचा गाळा आहे. वडिलांनी तो स्टीलच्या भांड्यांसाठी घेतला आणि पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या नमुन्यांवर माल करून दिला. मी कामात आले तेव्हा आपला स्वतःचा असा एक तरी नग असावा, असे मला फार वाटत होते. नेहमीच्या मिसळणाच्या डब्यात सात गोल वाट्या असतात, मध्ये एक आणि भोवती सहा. गोल वाट्यांच्या सांदीत सांडलेली हळद आणि मोहरी साचून राहते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. मी अशी रचना काढली की मधली वाटी गोल राहील आणि भोवतीच्या सहा वाट्या पाकळ्यांसारख्या एकमेकींना लागून बसतील. कागदावर हे सोपे होते. प्रेसवर मात्र पहिल्या नगांचा पत्रा कोपऱ्यात फाटला, दुसऱ्या खेपेला सुरकुत्या पडल्या, आणि वडिलांच्या वेळेपासून आमच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवणाऱ्या काकांनी चार महिने खपून कोपऱ्याची गोलाई थोडी थोडी वाढवत नेली. त्या गोलाईमुळे वाटीला जो डौल आला, तो माझ्या चित्रात नव्हता. तो काकांच्या हातचा होता. झाकणावर आम्ही सहा वळत्या रेषा उठवल्या आणि त्या आतल्या पाकळ्यांच्या कडांशी जुळवल्या, त्यामुळे डबा बंद असतानाही आतल्या मांडणीची चाहूल लागत असे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, पुण्यातल्या एका प्रदर्शनात आम्ही हा डबा मांडला. त्यासाठी पत्रक छापले, डीलरांच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकला आणि इंटरनेटवरच्या आमच्या पानावरही तोच फोटो दिला. डबा लोकांना आवडला, मागणी आली, आणि त्या आनंदातच कोणीतरी सुचवले की याची नोंदणी करून घ्या. ऑक्टोबरमध्ये आम्ही अर्ज केला, पुढे प्रमाणपत्रही आले आणि वडिलांनी ते फ्रेम करून गाळ्यात लावले. त्याच्या पुढच्या दिवाळीत बाजारात हुबेहूब तसाच डबा आला, पातळ पत्र्याचा आणि आमच्यापेक्षा पावणेदोनशे रुपयांनी स्वस्त. आम्ही वकिलांमार्फत नोटीस पाठवली. उत्तरादाखल त्या उत्पादकाने आमची नोंदणी रद्द करण्यासाठी कोलकात्याच्या डिझाइन कार्यालयात अर्ज केला आणि त्याला आमच्या पानावरच्या फोटोची, तारीख स्पष्ट दिसेल अशी, प्रत जोडली. सोबत आमचे पत्रकही होते.

आमच्या वकीलबाईंनी ती कागदपत्रे माझ्यासमोर ठेवली आणि विचारले, "ताई, हा फोटो तुम्हीच टाकला आहे ना? मग अर्जाच्या आधी का टाकलात?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण फोटो आधी टाकणे ही चूक असू शकते, हेच मला माहीत नव्हते.

आपल्याकडे हा विषय डिझाइन कायदा, २०००, याच्या कक्षेत येतो. तो ११ मे २००१ पासून लागू झाला आणि त्याने १९११ चा जुना पेटंट व डिझाइन कायदा मागे सारला. त्याच्याही मागे जायचे तर भारतात नमुन्यांच्या आणि डिझाइनच्या संरक्षणाचा पहिला कायदा १८७२ चा आहे. आजच्या कायद्याचे चौथे कलम थोडक्यात सांगते की, जे डिझाइन नवे किंवा मौलिक नाही, अथवा जे अर्जाच्या तारखेआधी भारतात किंवा जगातल्या कोणत्याही देशात छापून, वापरून किंवा अन्य कोणत्याही मार्गाने लोकांसमोर आले आहे, अथवा जे आधीच्या डिझाइनांपासून ठळकपणे वेगळे ओळखू येत नाही, त्याची नोंदणी करू नये. या कलमातले "लोकांसमोर आले आहे" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ते कोणी लोकांसमोर आणले याला तिथे महत्त्व नाही. परक्याने आणले किंवा खुद्द मालकाने आणले, परिणाम एकच होतो. नोंदणी झाल्यावरही हा दोष धुऊन निघत नाही, कारण एकोणिसाव्या कलमाखाली कोणतीही हितसंबंधित व्यक्ती नोंदणीनंतर केव्हाही नियंत्रकाकडे, म्हणजे डिझाइन कार्यालयाच्या प्रमुखाकडे, जाऊन ती रद्द करण्याची मागणी करू शकते. आमच्या बाबतीत परीक्षकाच्या शोधात तो फोटो आला नव्हता, म्हणून प्रमाणपत्र मिळाले. ज्याला तो शोधून काढण्याची गरज होती, त्याने तो शोधला.

अमेरिकेत आणि युरोपीय संघात डिझाइन स्वतः लोकांसमोर आणल्यानंतर अर्जासाठी बारा महिन्यांची सवलत असते. २२ नोव्हेंबर २०२४ रोजी रियाध येथे स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय डिझाइन करारातही अशी बारा महिन्यांची सवलत आहे, आणि ती आपल्याकडे यावी असे मला मनापासून वाटते, कारण छोटा उत्पादक बाजारात चार नग दाखवल्याशिवाय डिझाइनवर पुढचा खर्च करायचा की नाही हे ठरवू शकत नाही. परंतु आपला आजचा कायदा अशी सर्वसाधारण सवलत देत नाही, आणि दुसऱ्या देशातले लेख वाचून "एक वर्ष आहे" या समजुतीत राहणाऱ्यांचे नुकसान होते. प्रदर्शनासाठी एकविसाव्या कलमात एक मर्यादित अपवाद आहे. केंद्र सरकारने अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनाला हे कलम लागू केले असेल, तिथे मांडण्याआधी नियंत्रकाला ठरावीक नमुन्यात सूचना दिली आणि पहिल्यांदा मांडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला, तर ते प्रदर्शन आड येत नाही. आम्ही ज्या सभागृहात स्टॉल घेतला होता, तिथले प्रदर्शन अशा अधिसूचनेखाली नव्हते, आणि आम्ही कोणाला सूचनाही दिलेली नव्हती.

दुसरा अपवाद मात्र माझ्यासारख्यांना रोज उपयोगी पडणारा आहे. सोळाव्या कलमाप्रमाणे, ज्या परिस्थितीत पाहणाऱ्याने ते डिझाइन वापरणे किंवा उघड करणे विश्वासाला धरून होणार नाही अशा परिस्थितीत, म्हणजे विश्वासाने, मालकाने ते कोणाला दाखवले असेल, तर तेवढ्याने ते प्रकट झाले असे मानत नाहीत. याच कलमात कापडाच्या नव्या नमुन्यासाठी एक खास वाक्य आहे: अशा नमुन्याच्या मालाची पहिली आणि गोपनीय ऑर्डर स्वीकारली, तरी नोंदणीला बाध येत नाही. इचलकरंजीत माझी एक मैत्रीण साड्यांच्या किनारींचे नमुने करते. तिला हे वाक्य वाचून दाखवले तेव्हा तिने ते वहीत उतरवून घेतले.

नोंदणी नेमकी कशाची होते, हेही मी फार उशिरा नीट समजून घेतले. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे डिझाइन म्हणजे वस्तूचा आकार, घडण, नक्षी, सजावट किंवा रेषा-रंगांची रचना, जी औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर उतरवलेली असते आणि तयार वस्तूत केवळ डोळ्यांनी जोखली जाते. बांधणीची पद्धत किंवा निव्वळ यांत्रिक करामत त्यात येत नाही. आमच्या डब्याचे झाकण ओल्या हाताने उघडता येते, सांदीत मसाला साचत नाही, ही सगळी उपयोगाची बाब झाली. तिच्यासाठी पेटंटचा स्वतंत्र रस्ता आहे आणि त्याच्या कसोट्या वेगळ्या आहेत. डिझाइनच्या नोंदणीत टिकते ते पाकळ्यांचे रूप आणि झाकणावरच्या रेषा. वाटीची गोलाई पत्रा फाटू नये म्हणून आली, मग ती निव्वळ कामाची म्हणून बाद होणार नाही का, असे मी वकीलबाईंना विचारले होते. त्यांचे म्हणणे असे की तेच काम होण्यासाठी दुसरे अनेक आकार घेता आले असते आणि आपण त्यांतला एक डोळ्याला भावला म्हणून निवडला, तर तो आकार नोंदणीस पात्र राहतो. ज्या आकाराला दुसरा पर्यायच नाही, तो मात्र राहत नाही.

डिझाइन नेहमी एखाद्या वस्तूला धरून असते, हा यातला दुसरा पाया आहे. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स हा निकाल मला फार उद्बोधक वाटला. काचेच्या तावांवर उमटवायच्या एका नक्षीची नोंदणी झालेली होती. ती नक्षी उमटवणारे रोलर जर्मनीतल्या कंपनीकडून आलेले होते आणि तिथे ती आधीच माहीत होती, असा आक्षेप घेण्यात आला. न्यायालयाने पाहिले ते असे की ही नक्षी आधी काचेच्या तावावर उतरवल्याचा पुरावा पुढे आला आहे का. तो आला नाही, आणि नोंदणी टिकली. रोलरवर असणे वेगळे आणि काचेवर उमटणे वेगळे. म्हणूनच अर्जात वस्तूचे नाव आणि वर्ग काळजीने लिहावे लागतात. हे वर्ग लोकार्नो कराराने ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे असतात आणि भारत २०१९ मध्ये त्या करारात सामील झाला आहे.

हे वाचणाऱ्या ज्यांना वाटत असेल की नोंदणी नसली तरी चित्र मी काढले आहे, कॉपीराइट माझाच आहे, त्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७, याचे पंधरावे कलम जरूर वाचावे. जे डिझाइन नोंदवता आले असते पण नोंदवले नाही, त्यातला कॉपीराइट, ते वापरलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा काढली गेली की संपतो. आमच्या प्रेसवर पन्नास डबे अर्ध्या दिवसात निघतात. शुद्ध कलाकृती आणि औद्योगिक डिझाइन यांच्यातली सीमा कुठे ओढायची, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात त्यासाठी दोन टप्प्यांची कसोटी सांगितली: ती कृती स्वतंत्र कलाकृती आहे की औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर उतरवलेले डिझाइन आहे हे आधी पाहावे, आणि कलाकृती म्हणून ती टिकत नसेल तर तिच्यात मुख्य काय आहे, उपयोग की रूप, हे तपासावे. मिसळणाच्या डब्याचे चित्र भिंतीवर लावण्यासाठी काढलेले नसते, त्यामुळे आमचे उत्तर पहिल्या टप्प्यावरच स्पष्ट होते.

पन्नासच्या या नियमाने मला झोप लागली नाही, हे खरे आहे. ज्या कारखानदाराने नोंदणी केली नाही त्याच्याकडे मग उरते ते एवढेच की, या आकारावरून गिऱ्हाईक माझाच माल ओळखते आणि दुसरा आपला माल माझा म्हणून खपवतो आहे, हे सिद्ध करणे. ते मोठ्या नावांना जमू शकते. दोन दिवाळ्या विकल्या गेलेल्या डब्याला ते फार अवघड आहे.

आता अर्जाविषयी. डिझाइनचे कार्यालय कोलकात्याला आहे, पण अर्ज मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या कार्यालयांतही देता येतो आणि घरबसल्या ऑनलाइनही करता येतो. मुंबईचे कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. पहिल्या वेळी मी तिथे जाऊन आले, दुसऱ्या वेळी गरज पडली नाही. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना अर्जाचे शुल्क १,००० रुपये आहे, इतरांना ४,००० रुपये. लघुउद्योगाने आपल्या दर्जाचा दाखला जोडायचा असतो. वकिलांचे किंवा एजंटांचे मानधन याहून वेगळे. एका डायवर होणारा खर्च लाखांत मोजणाऱ्या धंद्यात ही रक्कम अडचण ठरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे काम असते ते चित्रांचे. वस्तू समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि कोनातून कशी दिसते हे दाखवणारी चित्रे द्यावी लागतात, आणि संरक्षण त्या चित्रांत जे दिसते त्याला मिळते. आमच्या पहिल्या अर्जात आम्ही जाहिरातीसाठी काढलेले फोटो दिले होते: वाट्यांत हळद, तिखट, जिरे भरलेले, शेजारी कढीपत्त्याची डहाळी आणि झाकणावर आमचे नाव. परीक्षकाने त्यावर आक्षेप घेतला, आणि तो योग्यच होता, कारण त्या फोटोत डबा कुठे संपतो आणि मसाला कुठे सुरू होतो, हेच नीट कळत नव्हते. साधी पांढरी पार्श्वभूमी, सावली नाही, वस्तू रिकामी, नाव-चिन्ह नाही, सगळ्या चित्रांत एकच प्रमाण, असे फोटो आम्ही पुन्हा काढले. त्याखाली नावीन्याचे निवेदन लिहावे लागते, म्हणजे नवेपण नेमके कशात आहे, आकारात की नक्षीत की दोन्हींत, हे सांगावे लागते. पाकळ्या आणि झाकणावरच्या रेषा या दोन्ही मिळून नवे असे आम्ही लिहिले होते. आज लिहायचे असते तर मी पाकळ्यांचा आकार एका अर्जात आणि रेषांसह पूर्ण डबा दुसऱ्या अर्जात, असे एकाच दिवशी दोन अर्ज केले असते, कारण नक्कल करणाऱ्याने रेषा वगळून फक्त पाकळ्या उचलल्या असत्या, तर आमच्या एका अर्जावर वाद घालणे कठीण गेले असते.

आक्षेप आले तर ते अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत दूर करावे लागतात आणि आणखी तीन महिन्यांची मुदतवाढ मागता येते. त्यापुढे अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. नोंदणी झाली की तिची तारीख अर्जाचीच धरतात. तिथून दहा वर्षे हक्क मिळतो आणि दहा वर्षे संपण्याआधी शुल्क भरले तर आणखी पाच. पंधरा वर्षांनी ते डिझाइन सगळ्यांसाठी खुले होते. परदेशात माल पाठवणाऱ्यांना भारतासोबत तसा करार असलेल्या देशांत भारतातल्या तारखेचा अग्रहक्क, म्हणजे तिथल्या अर्जालाही हीच तारीख धरण्याचा हक्क, सहा महिन्यांपर्यंत मागता येतो. आमचा माल दुबईपलीकडे जात नसल्याने मी त्यात खोल गेलेले नाही.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा उमगली: अर्जासाठी तयार वस्तू लागत नाही. रेखाचित्रे किंवा संगणकावर काढलेली चित्रे चालतात. डाय होईपर्यंत, चाचण्या संपेपर्यंत आणि पहिला लॉट निघेपर्यंत थांबण्याची काहीच आवश्यकता नव्हती. अर्थात, यातही विचार करावा लागतो. काकांनी गोलाई वाढवण्याआधीच मी माझ्या मूळ चित्रावर अर्ज केला असता, तर नोंद झाली असती ती टोकदार पाकळीची, आणि बाजारात आला असता तो गोल पाकळीचा डबा. म्हणून प्रेसवरच्या चाचण्यांत आकार स्थिरावला की लगेच, पण गाळ्याबाहेरच्या कोणाच्याही नजरेस पडण्याआधी, हीच अर्जाची वेळ आहे. डायच्या कारागिरीत आकार बदलतो, हे वकिलांना ठाऊक असतेच असे नाही. ते आपण सांगावे लागते.

नक्कल झाली तर काय मिळते, हे बाविसाव्या कलमात आहे. प्रत्येक उल्लंघनामागे २५,००० रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम वसूल करता येते, किंवा त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम यांसाठी दावा लावता येतो. ५०,००० ची ही मर्यादा आजच्या काळात फारच अपुरी आहे, आणि ती वाढवण्याची मागणी लघुउद्योगांच्या संघटनांनी जोराने करायला हवी. आज खरे बळ आहे ते मनाई हुकुमात, कारण दिवाळीच्या तीन आठवडे आधी मिळालेला हुकूम दिवाळीनंतरच्या भरपाईपेक्षा कितीतरी मोलाचा असतो. दावा जिल्हा न्यायालयाखालच्या न्यायालयात लावता येत नाही, आणि समोरच्याने नोंदणीच अवैध आहे असा बचाव घेतला, तर तो उच्च न्यायालयाकडे वर्ग होतो. इंदूरच्या एस. डी. कंटेनर्स आणि मोल्ड-टेक पॅकेजिंग यांच्यातल्या डबे-झाकणांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केले.

मुंबई उच्च न्यायालयात रोजच्या वापराच्या वस्तूंवरून झालेले दोन वाद मी मुद्दाम वाचून काढले. २०१४ मध्ये व्हर्लपूलने वॉशिंग मशीनच्या आकारावरून व्हिडिओकॉनविरुद्ध मनाई मिळवली. तिथे दोघांकडेही आपापल्या डिझाइनची नोंदणी होती, आणि तरीही आधीच्या नोंदणीदाराला नंतरच्या नोंदणीदाराविरुद्ध दावा लावता येतो, असे न्यायालयाने मानले. म्हणजे प्रमाणपत्र हातात असणे ही वादाची सुरुवात आहे, शेवट नाही; आपल्या नकलेचीही कोणी नोंदणी करून घेऊ शकतो. दुसरा वाद २०१७ चा, सेलोच्या 'प्युरो' या पाण्याच्या बाटलीचा. तिच्यासारखी दिसणारी बाटली काढणाऱ्या कंपनीला न्यायालयाने दावा चालू असताना मनाई केली. पाण्याची बाटली ही किती साधी वस्तू आहे, आणि तिच्या अंगावरच्या रेषा आणि रंगांचे भाग न्यायालयाने किती बारकाईने पाहिले आहेत, हे वाचताना मला आमच्या झाकणावरच्या सहा रेषा आठवत होत्या.

गेल्या वर्षी जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या गटात अनेकांनी लिहिले की कोल्हापुरीचे डिझाइन आपण वेळेत नोंदवले असते, तर हे झाले नसते. मला तेव्हा सविस्तर उत्तर लिहिता आले नव्हते, ते इथे लिहिते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आकार नवा नसतो, म्हणून तो या कायद्याखाली कोणाच्याही नावावर होऊ शकत नाही, आणि होऊही नये. कोल्हापुरी चपलेला आहे ते भौगोलिक मानांकन, आणि ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या मिळून आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी आहे. ते प्रामुख्याने नावाचे आणि त्या नावामागच्या उगमाचे रक्षण करते. त्या प्रकरणातली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत धारक स्वतः न्यायालयात आलेले नव्हते. सात गोल वाट्यांचा मिसळणाचा डबाही तसाच, कोणा एकाचा नाही. तो आमच्या आजीचा होता, शेजारणीचा होता, आणि तो खुला आहे म्हणूनच माझ्यासारखीला त्यात बदल करून पाहता आला. कायद्याची ही रेघ मला न्याय्य वाटते. माझे भांडण आहे ते फक्त नव्या डिझाइनच्या मालकालाच त्याच्या स्वतःच्या फोटोने हक्क गमवावा लागतो, या एका बाबीशी.

या वर्षी आम्ही पोळ्यांचा एक नवा डबा केला आहे. त्याच्या आकाराविषयी मी इथे काही लिहीत नाही. डायचे चित्र काकांना दाखवण्याआधी मी गोपनीयतेचा एक पानी कागद तयार करून घेतला, आणि तो त्यांच्यापुढे ठेवताना मला फार संकोच वाटला. त्यांनी चष्मा लावून तो संपूर्ण वाचला.

"पोरी, तुझ्या वडिलांच्या वेळेला असला कागद कधी लागला नाही," ते म्हणाले.

"काका, तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही हा," मी म्हटले. "उद्या कोणी विचारले की हे डिझाइन बाहेर कोणी पाहिले होते, तर तुम्ही पाहिलेत ते विश्वासाने पाहिलेत, एवढे दाखवता यावे म्हणून आहे. आणि मागच्या डब्याच्या कोपऱ्याची गोलाई तुमची होती. या वेळी ती वाया जाऊ द्यायची नाही."

त्यांनी सही केली आणि मग विचारले, "नंबर कुठे येणार?" डिझाइन कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे नोंदणी झालेल्या वस्तूवर 'आरडी' ही अक्षरे किंवा नोंदणीकृत असल्याचा उल्लेख आणि क्रमांक घालावा लागतो, तो नसेल, तर मालकाने योग्य ती सर्व काळजी घेतली होती हे, किंवा नक्कल करणाऱ्याला या हक्काची आधीच माहिती होती हे, दाखवल्याशिवाय भरपाई मिळत नाही. पहिल्या डब्यावर आम्ही तो घातलाच नव्हता, फ्रेम फक्त भिंतीवर होती.

चाचण्या मार्चमध्ये संपल्या. दादरच्या शेठजींचा त्या आठवड्यात तीनदा फोन आला की नव्या डब्याचा निदान एक फोटो तरी पाठव, आणि तिन्ही वेळा मी त्यांना चार दिवस थांबायला सांगितले. गुरुवारी संध्याकाळी अर्जाची पोच आणि क्रमांक आला. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला, तारीख मोठ्याने म्हणून दाखवली, आणि त्यानंतर मी शेठजींना फोटो पाठवला. प्रमाणपत्र अजून यायचे आहे. तळाच्या डायमध्ये काकांनी क्रमांक खोदण्यासाठी दोन बोटे रुंद जागा कोरी ठेवली आहे.